मास्तरांचा बाजा

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातून, आमच्या गावच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. मागच्या वेळी शेळ्यांच्या विम्याचं बोललो होतो, त्याच्या आधी बँकेच्या कर्जाचं. आज आमच्या गावच्या बँडमास्तरांची आठवण काढायची आहे. यंदा संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी मास्तर गेले. वय नव्वदीला टेकलेलं. जन्मतारीख त्यांनाही माहीत नव्हती. "निजामाचं राज गेलं तव्हा मी बारा-तेराचा होतो," एवढंच सांगायचे. म्हणजे 17 सप्टेंबर 1948 धरून आपण मागं मोजायचं.

मास्तर म्हणलं की तुम्हाला शाळेतले गुरुजी वाटतील. हे मास्तर दुसरीच्या पुढं शिकले नव्हते. पण बँडात पुढं उभा राहून जो सूर धरतो, त्याला मास्तर म्हणतात, आणि आमच्या गावात दुसऱ्या कुणाला मास्तर म्हणलेलं आम्ही ऐकलं नाही. शिक्षक ते गुरुजी, आणि मास्तर ते हेच.

मास्तर मातंग वस्तीतले. त्यांचे वडील सनई आणि हलगी वाजवायचे. गावातलं लग्न असो, देवाची पालखी असो की कुणाची अंत्ययात्रा, बोलावणं आलं की जायचं. पैसे नव्हते, सुगीत धान्य मिळायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं. मास्तर सांगायचे, "बापाला कुणी विचारलं नाही, येतो का म्हणून. नुसतं सांगायचे, ये म्हणून." हे वाक्य ते हसत सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

बँड त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो जालन्यात, कुणा व्यापाऱ्याच्या वरातीत. जालन्याला बँड नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिथं इंग्रजांची फौजी छावणी होती, आणि फौज म्हणलं की तिचं बँडपथक आलंच. आपल्या देशात पितळी बाजे आले ते अशा छावण्यांमधून. पुढं संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले, मग लग्नाच्या वरातीत आले, आणि वाजवणारे झाले ते जुने सनईवाले, हलगीवाले, ताशेवाले. साहेबाचा बाजा आणि आपला ठेका. मास्तरांना त्या वरातीत गाणं कोणतं होतं ते आठवत नव्हतं. वाजवणाऱ्याच्या अंगावर लाल कोट होता आणि पायात बूट होते, ते मात्र आठवत होतं. बाप अनवाणी वाजवतो आणि हा बुटात. तेव्हाच ठरवलं म्हणे, की वाजवीन तर हे.

बाजा मिळायला मात्र आणखी आठ-दहा वर्षं गेली. सालगडी म्हणून राबून पैसे साठवले आणि एका मोडलेल्या बँडातला जुना कॉर्नेट विकत घेतला. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच धाकटा भाऊ म्हणा, जरा आखूड आणि गुटगुटीत. त्याच्या तोंडाशी इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. मास्तरांना ती कधी वाचता आली नाहीत. नातीनं सातवीत असताना वाचून दाखवली: मेरठ. उत्तर प्रदेशातल्या मेरठला जाली कोठी म्हणून भाग आहे, तिथं बाजे बनतात. नादिर अली कंपनी तिथं 1885 पासून आहे. देशातल्या कितीतरी गावांतल्या वरातींत वाजणारा बाजा या एका शहरातून आलेला असतो. आपण मात्र वाजवणाऱ्याच्या हातातली वस्तू कुठली, हे कधी विचारत नाही.

बाजा कसा वाजतो, हे मास्तरांनी आम्हाला एकदा गटाच्या बैठकीत समजावलं होतं. आपल्या चुलीची फुंकणी असते ना, तिच्यात फुंकर घातली तर हवा जाते आणि विस्तव पेटतो. बाजात नुसती फुंकर घातली तर काहीच होत नाही. ओठ मिटायचे, दातांवर ताणून धरायचे आणि त्यांच्या फटीतून हवा अशी सोडायची की ओठ थरथरले पाहिजेत. गांधीलमाशी गुणगुणते तसा आवाज आधी ओठांत येतो. बाजा तो आवाज मोठा करतो. गुंडाळलेली नळी सरळ केली तर पाच फुटांच्या आसपास भरेल. वर कळा तीनच. त्या दाबल्या की हवेची वाट लांबते आणि सूर उतरतो. तीन कळांवर सगळी गाणी कशी वाजतात, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "बाई, कळा तीन, पण ओठाला हजार जागा हायेत."

ते ओठ आणि दातांचं लक्षात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

1972 च्या दुष्काळात लग्नं जवळपास थांबली, तेव्हा मास्तर नवरा-बायको दोघं खडी फोडायला होते. दिवसभर हातोडा मारून बोटं सुजायची, आणि रात्री माणूस कामाच्या कॅम्पापासून लांब जाऊन बाजा काढायचा, कारण ओठ आठ दिवस सोडले की सूर जातो. बायका शिव्या द्यायच्या, पोरं उठतात म्हणून. दुष्काळ सरल्यावर मात्र त्यांनी स्वतःचं पथक उभं केलं. दहा जण. त्यात मातंग वस्तीतले होते, बौद्ध वस्तीतले दोघं, ताशावर एक मुसलमान भाऊ, आणि मोठ्या ढोलावर एक मराठ्याचा पोरगा. त्याला घरून मार बसायचा, तरी यायचा. लग्नसराईत सुपारी मिळायची. सुपारी म्हणजे वाजवायचं बोलणं आणि विसार, हा बँडवाल्यांचा जुना शब्द आहे, सिनेमातला नाही. पैसे दहांत सारखे वाटायचे. मास्तर म्हणून वेगळा वाटा त्यांनी घेतला नाही, आणि याचं घरी भांडण व्हायचं.

दोन अटी त्यांनी घातल्या होत्या. सुपारी आधी बोलायची, धान्य-बिन्य नाही, रोख. आणि जेवायला पथकाची पंगत मांडवात बसेल, मांडवामागं नाही. दुसऱ्या अटीपायी किती सुपाऱ्या गेल्या ते त्यांनी मोजलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं मोजलं होतं. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशी सांगतात, एका सराईत सात गेल्या. त्या सालात घरात ज्वारी उसनी आणली. मास्तरांचा मान राहिला ही गोष्ट गावात सगळे सांगतात, उसन्या ज्वारीची फक्त मावशी सांगतात.

मावशींचं आणखी एक. रात्रीच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बाया आठवतात का तुम्हाला? आमच्यातल्या थोरल्यांना आठवतील. मावशी त्यातल्या. नवरा पुढं वाजवतोय आणि बायको कडेला डोक्यावर बत्ती घेऊन चालतेय. बत्तीची आग कानशिलाला लागायची. वाजवणाऱ्याला निदान कुणी दहाची नोट ओवाळायचं, बत्तीवालीकडं बघायचंही कुणी नाही. आणि घरी आल्यावर बाजा चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायचा तोही मावशींनीच. मास्तरांचा बाजा चकाकायचा असं म्हणतात, तेव्हा आम्हाला मावशींची बोटं दिसतात.

पुढं डीजे आला. त्याबद्दल जास्त बोलत नाही, तुमच्याही गावात आलाय. दहा माणसांच्या सुपारीत एक ट्रॅक्टर आणि भिंतीएवढे स्पीकर मिळतात म्हणल्यावर कोण थांबतं? रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, असा 2000 सालापासून नियम आहे. गावात कुणी पाळतं का, ते तुम्हीच सांगा. मास्तरांचं पथक विसेक वर्षांपूर्वी मोडलं. क्लॅरोनेटवाला शेजारच्या गावी मुलाकडं राहायला गेला, ताशावाला वारला, ढोलवाला औरंगाबादेला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कंपनीत लागला.

आणि इथून पुढचे मास्तरच आम्हाला खरे मास्तर वाटतात. कारण सुपारी बंद झाली तरी बाजा बंद झाला नाही. दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस, दिवसभर ते. दिवेलागणीला वस्तीमागच्या लिंबाखाली बसून वाजवायचे. 14 एप्रिलला वाजवायचे, 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला वाजवायचे, गणपतीच्या आरतीला बोलावलं तर जायचे. एक रुपया घेतला नाही. कुणी द्यायला लागलं तर म्हणायचे, "सुपारी न्हाई, हौस हाय." बापाला धान्य टाकून बोलवायचे, ते चिडून सांगणारा माणूस म्हातारपणी फुकट वाजवायला लागला, याचं आम्हाला आधी कोडं पडायचं. एकदा विचारलं. म्हणाले, "आता मला कुणी ये म्हणत न्हाई. मीच जातो."

सगळ्यात पक्कं म्हणजे शाळा. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर आणि 26 जानेवारीला राष्ट्रगीत मास्तर वाजवायचे. चाळीस वर्षांच्या वर. आम्ही त्याच शाळेत शिकलो. झेंड्याच्या दोरीला गुरुजी हात घालायचे, मास्तर बाजा ओठाला लावायचे, आणि थंडीत त्या पितळेतून वाफ निघालेली आम्ही बघत राहायचो. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला साधारण 52 सेकंद लागावेत असं आहे. एका गुरुजींनी घड्याळ लावून मास्तरांचं मोजलं, तर 53 भरलं. मास्तरांना ते लागलं. पुढच्या वेळी 52.

बँड आणि राष्ट्रगीताची एक गोष्ट मास्तरांना फार आवडायची, कारण ती आपल्या बाजूची आहे. देश स्वतंत्र झाल्यावर राष्ट्रगीत कोणतं घ्यावं याची चर्चा चालली होती. वंदे मातरम् बँडवर वाजवायला जमत नाही, असा एक आक्षेप होता. तेव्हा मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, ज्यांच्या आडनावातलं फुलंब्री आपल्या शेजारीच आहे, त्यांनी बँडवर वाजेल अशी चाल बांधली आणि मुंबईत पोलिसांच्या बँडकडून वाजवून घेतली. शेवटी 24 जानेवारी 1950 ला जन गण मन राष्ट्रगीत ठरलं आणि वंदे मातरम् ला बरोबरीचा मान मिळाला. मास्तर म्हणायचे, "बघा, देशाचं गाणं ठरवायचं तर आधी बँडवाल्याला विचारावं लागतं." आमच्या मते गोष्ट एवढी सरळ नसणार, पण त्यांना ती तशीच आवडायची.

आता दातांचं. आठेक वर्षांपूर्वी मास्तरांचे पुढचे दात पडायला लागले. आधी एक, मग दोन, मग सगळे हलायला लागले. पुढचे दात गेले की ओठाला मागं आधार राहत नाही आणि बाजा वाजत नाही. जेवण हिरड्यांवर चालतं, बाजा चालत नाही. त्या वर्षी 15 ऑगस्टला मास्तर शाळेत आले, बाजा लावला, आणि नुसती हवा गेली. पोरं हसली. गुरुजींनी पटकन तोंडी राष्ट्रगीत सुरू केलं. मास्तर झेंड्याखाली शेवटपर्यंत ताठ उभे राहिले आणि नंतर दोन महिने वस्तीबाहेर पडले नाहीत.

दिवाळीआधीच्या बैठकीत मावशींनी कर्ज मागितलं. आठ हजार. कशाला? मालकाच्या कवळीला. आमच्या गटात बी-बियाणं, दवाखाना, शेळी, शिलाई मशीन, पोरीची फी, अशी कर्जं झाली होती. कवळीचं पहिलंच. एक वहिनी म्हणाली, माझी सासू दहा वर्षं बिनदाताची आहे, तिनं काय भाकर खाल्ली नाही? दुसरी म्हणाली, दवाखान्यात धरा. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, दवाखाना कसा, दुखत तर नाही. मग कुणीतरी बोललं, खायला नाही, बाजा वाजवायला पाहिजेत दात, हौसेला कर्ज देतं का कुणी? आणि सगळ्या मावशींकडं बघायला लागल्या.

मावशी जास्त बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या लग्नात कोणी वाजवलं?" त्या खोलीत आम्ही चौदा जणी होतो. गावातल्याच लेकी असलेल्या पाच जणींच्या लग्नात मास्तर वाजवून गेले होते. तरी मत एक झालं नाही. नऊ विरुद्ध पाच असं कर्ज मंजूर झालं. आम्हीही हात वर केला, पण मनात धाकधूक होती, हप्ता कुठून येणार म्हणून. रजिस्टरात कारण काय लिहायचं यावर पुन्हा घोळ झाला. शेवटी 'आरोग्य' लिहिलं. आज वाटतं, 'बाजा' लिहायला हवं होतं.

शेकडा दोन रुपये व्याज, दहा हप्ते. मुद्दल आठशे दर महिन्याला आणि वर व्याज. सगळं मिळून 880 रुपये व्याज मावशींनी भरलं, कापूस वेचून, एकही हप्ता न चुकवता. कवळी बसली, पण कवळीवर बाजा लगेच वाजत नाही. ती सरकते, लाळ गळते, हिरडी सोलते. दिवाळीनंतर रोज लिंबाखालून बेसूर आवाज यायचे. कुत्री ओरडायची. आमच्यातल्या विरोधातल्या पाच जणी म्हणायच्या, बघा आठ हजार कसे ओरडतायत. 26 जानेवारीला मास्तर शाळेत आले. पहिल्या ओळीत एक सूर फाटला. बाकी सगळं नीट गेलं. गुरुजींनी घड्याळ लावलं नव्हतं, पण जरा सावकाशच होतं. पोरं हसली नाहीत. मावशी कुंपणाच्या बाहेर उभ्या होत्या, आत आल्या नाहीत.

तिथून पुढं आणखी सात-आठ वर्षं मास्तरांनी वाजवलं.

एक आमची चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडं होणार नाही. शासनाची ज्येष्ठ कलाकारांच्या मानधनाची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. 2024 पासून त्यात महिन्याला पाच हजार मिळतात. वयाची पन्नाशी ओलांडलेली असावी लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि कलेचा पुरावा लागतो. मास्तरांचा अर्ज भरायचं आम्ही दोनदा ठरवलं. पुराव्याला फोटो पाहिजे, बातमीचं कात्रण पाहिजे, पत्रिका पाहिजे. साठ वर्षं वाजवलेल्या माणसाचा वाजवतानाचा एक फोटो घरात नव्हता. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरी असतात, बँड कडेला कापलेला असतो. आम्ही म्हणलं, 26 जानेवारीला फोटो काढू आणि अर्ज भरू. त्या आधी आठवड्याभरात मास्तर गेले. शाळेचं प्रमाणपत्र आधीच मागता आलं असतं, आमच्यातल्या दोघींच्या लग्नाच्या सीडीत ते दिसतात हेही नंतर आठवलं. तुमच्या गावात कुणी हलगीवाला, सनईवाला, भारुड म्हणणारी म्हातारी असेल तर या आठवड्यातच मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पंचायत समितीत चौकशी करा.

मास्तरांच्या तिरडीपुढं बँड नव्हता. वाजवणार कोण? शेजारच्या गावाहून ते जुने क्लॅरोनेटवाले आले होते, त्यांनी एकट्यानं वेशीपर्यंत वाजवलं. त्यांचंही वय पंच्याहत्तरच्या पुढं.

आता बाजा घरात आहे. मास्तरांची नात नववीत आहे. तिला शिकायचं आहे. आजोबांनी तिला ओठ कसे धरायचे ते दाखवलेलं, पाच सूर येतात. क्लॅरोनेटवाले काका म्हणाले, मी शिकवीन, एसटीचं भाडं द्या. हा विषय फेब्रुवारीच्या बैठकीत आला आणि कवळीपेक्षा मोठं भांडण झालं. पोरीच्या जातीनं बँड वाजवायचा? लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल? आणि वस्तीतल्याच दोघी म्हणाल्या, आमच्या बापजाद्यांनी वाजवून वाजवून जन्म काढला, आता पोरींच्या हाती पुन्हा तेच द्यायचं का? शिकून नोकरीला लागू दे. हा दुसरा मुद्दा आम्ही हलका समजत नाही. मास्तरांनी स्वतःच्या मुलांना बाजाला हात लावू दिला नव्हता, हे आम्हाला माहीत आहे. नातीला मात्र लावू दिला. का, ते विचारायचं राहून गेलं.

आम्ही बैठकीत बिहारचं सांगितलं. पाटण्याजवळ दानापूर भागात ढिबरा म्हणून गाव आहे. तिथल्या दलित वस्तीतल्या शेतमजूर बायांनी सुधा वर्गीस यांच्या नारी गुंजन संस्थेच्या मदतीनं बँड काढला. त्या ड्रम वाजवतात. सुरुवातीला घरचे आणि गावचे हसले. आता लग्नांत, कार्यक्रमांत त्यांना बोलावतात, आणि पैसे ठरवून घेतात. हे ऐकून एक वहिनी म्हणाली, त्या ढोलच वाजवतात ना, तोंडानं वाजवायचं वेगळं, पोरीचे गाल फुगलेले चांगले दिसत नाहीत. यावर सगळ्या हसल्या आणि बैठक तिथंच मोडली. निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. भाड्याचे पैसे महिन्याला दोनशेच्या वर जात नाहीत, अडलंय ते पैशावर नाही.

मावशी त्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. घरी गेलो तर ओसरीवर चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसल्या होत्या, मांडीवर बाजा. आम्ही म्हणलं, मावशी, आता कशाला? तर म्हणाल्या, काळा पडला तर आत गंज धरतो, मग कळा अडकतात, पोरीला जड जाईल. आणि आमच्या हातात फडकं दिलं, मागची बाजू धरायला.